विहीणबाईंचा उपसर्ग

आमच्या विहीणबाईंच्या हातून आजवर एकही इंग्रजी शब्द धडधाकट सुटलेला नाही. त्यातून शब्द लांबलचक असेल तर विचारायलाच नको. समोरच्याने बोलता बोलता एखादा ऐसपैस इंग्रजी शब्द टाकला की त्या हातातला कप खाली ठेवतात, घसरलेला चष्मा नाकावर वर ढकलतात आणि मटारची शेंग सोलावी तसा तो शब्द सोलायला घेतात. पुढचा उपसर्ग काढून एका बाजूला, मागचा प्रत्यय काढून दुसऱ्या बाजूला, आणि मधला दाणा चिमटीत धरल्यासारखा आपल्यापुढे करून म्हणायचं, "हा बघा, लॅटिन!" मराठीत उपसर्ग या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक व्याकरणातला, शब्दाच्या पुढ्यात येऊन बसणारा. दुसरा रोजच्या व्यवहारातला, म्हणजे त्रास. आमच्या इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या घरात हे दोन्ही अर्थ एकाच बाईंच्या रूपाने आणि एकाच दिवशी आले.

तो दिवस माझ्या मुलीच्या, ऋचाच्या लग्नाच्या बोलणीचा. ऋचा आणि अमोल एकाच कंपनीत होते आणि त्यांचं आपापसात ठरलेलं होतं. आम्ही मोठ्यांनी फक्त चहा प्यायचा होता. आमचं घराणं संस्थानाच्या काळापासून इंदुरात, पूर्वज म्हणे घोड्यावर बसायचे. आता आमच्या ह्यांना स्कूटरवर बसतानाही गुडघा धरावा लागतो. अमोलकडचे महूचे, बौद्ध, दोन पिढ्या फौजेतल्या. नातलगांत थोडी कुजबुज झाली होती, पण आमचे हे बँकेत आयुष्य काढलेले मितभाषी गृहस्थ. "मुलगा चांगला आहे, चहा ठेवा," एवढं बोलून त्यांनी कुजबुजीचं खातं बंद केलं होतं. तर कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ अशा ह्या बाई सोफ्यावर ताठ बसलेल्या. माझ्या धाकट्या दिरांनी कचोरीचा तुकडा मोडता मोडता सहज विचारलं, "तो फिर, एंगेजमेंट कधी करून टाकायची?"

विहीणबाईंनी कप खाली ठेवला.

"एंगेजमेंट. एन, गेज, मेंट. मधला गेज म्हणजे काय माहीत आहे? गहाण. एंगेजमेंट म्हणजे गहाण टाकणं."

दिरांची कचोरी तोंडाच्या अलीकडे थांबली. अमोल कळवळून म्हणाला, "आई, बस ना यार!"

"का? वाईट काय आहे त्यात?" बाई शांतपणे म्हणाल्या. "मतलब यांची मुलगी आपल्याकडे, आपला मुलगा यांच्याकडे. दोघं एकमेकांकडे गहाण, आणि सोडवायला कोणी यायचं नाही. लग्न अजून काय असतं?"

सगळ्यात आधी आमचे हे हसले. मोठ्याने हसताना मी त्यांना किती वर्षांनी पाहत होते कोण जाणे. लग्न तिथेच ठरलं म्हणायचं.

पुढे ओळख वाढली तेव्हा कळलं की बाई महूच्या एका सरकारी ऑफिसात स्टेनो होत्या. "स्टेनो म्हणजे अरुंद, ग्राफी म्हणजे लिहिणं. आयुष्यभर अरुंद लिहिलं ताई, आता जरा ऐसपैस बोलते," असं त्या म्हणायच्या आणि ते अगदी खरं होतं, विशेषतः ऐसपैसबद्दल. लघुलिपीत म्हणे अख्खा शब्द लिहायला वेळ नसतो. 'कॉन' आला की सुरुवातीला एक टिंब, 'इंग' आला की शेवटी एक टिंब, असे शब्दाच्या डोक्याला आणि शेपटीला ठरलेले इशारे असतात. तेव्हा आम्ही सगळ्यांनी समजूत करून घेतली की हे वेड नोकरीतून लागलं. शिंपी जसा समोरच्याचा चेहरा पाहण्याआधी खांदे पाहतो, तसं हे. शिवाय बाईंना या गोष्टींची पुस्तकं वाचायचाही नाद होता. रिटायर झाल्यावर बाकीच्या बायका तीर्थयात्रेला जातात, ह्या ग्रीकमध्ये गेल्या.

त्यांच्या ह्या नादाला स्थळकाळाचं भान नसे. आमच्या गल्लीत रोज सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते. इंदूरचा माणूस एक वेळ पाहुण्याला दारात ताटकळत ठेवील, पण कचरागाडीला नाही. विहीणबाई आमच्याकडे मुक्कामाला असताना एकदा ओला कचरा घेऊन खाली गेल्या, त्या वर येईनात. गॅलरीतून पाहते तर बाई बादली हातात धरून गाडीवरच्या माणसाला त्याच्याच गाडीवर लिहिलेला शब्द समजावून सांगत होत्या. "बायो म्हणजे जीव. डी म्हणजे खाली. ग्रेड म्हणजे पायरी. एबल म्हणजे होण्याजोगं. समझे भिया? जीव के हाथों एक-एक सीढ़ी नीचे उतरने लायक. तुमची ही भाजीची सालं आहेत ना, ती सीढ़ी उतरून राहिली आहेत." मागे गल्लीतल्या सगळ्या बायका बादल्या घेऊन उभ्या, गाडीचं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं. तो माणूस हात जोडून म्हणाला, "माताजी, सीढ़ी बाद में, पहले बाल्टी दे दो."

मल्हारगंजातल्या एका काचसामानाच्या दुकानात तर मी त्यांच्यासोबत होते आणि कुठे लपावं हे मला कळत नव्हतं. ऋचाच्या नव्या घरासाठी प्लेटा घ्यायच्या होत्या. दुकानदाराने खोक्यावरचा शब्द अभिमानाने वाचून दाखवला, "अनब्रेकेबल, आंटीजी!" बाईंनी चष्मा वर ढकलला. "अन, ब्रेक, एबल. याचे तर इथेच तीन तुकडे झाले भिया. ज्या शब्दाच्या मधोमध ब्रेक आहे त्याला अनब्रेकेबल कसं म्हणता?" दुकानदार मल्हारगंजचा, मुरलेला. तो म्हणाला, "आंटीजी, गारंटी मैं प्लेट की देता हूँ, शब्द की नहीं." बाई इतक्या खूश झाल्या की घासाघीस न करता त्यांनी दोन सेट घेतले. पैकी एक रिक्षातच फुटला, पण ते त्यांच्या दृष्टीने अपेक्षितच होतं.

बरं, दर वेळी बाई बरोबरच असत असंही नाही. एकदा सोलण्याची लत लागली की माणूस मटार आणि बटाटा यात फरक करीत नाही. दिवाळीत मी जीव तोडून अनारसे केले होते. जाळी अशी पडली होती की स्वतःलाच दृष्ट लागावी. बाईंनी एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अन् म्हणजे नाही. अन-आ-रस. रस नसलेला तो अनारसा." मी म्हटलं, "अहो, इंग्रजी नाही ते!" तर म्हणतात, "उपसर्ग उपसर्गच असतो ताई, देशबिश नसतो त्याला." आमच्या ह्यांनी यावर एक उपाय शोधला होता. विहीणबाईंची रिक्षा फाटकाशी थांबली की ते वर्तमानपत्र उचलून गच्चीवर जात. "प्रिकॉशन म्हणून जातोय," असं एकदा ते मला जिन्यातून हळूच म्हणाले. खालून आवाज आला, "प्री म्हणजे आधी, कॉशन म्हणजे सावधपणा! मी आल्यावर काय उपयोग भाऊसाहेब, खाली या!"

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मग ऋचाला दिवस गेले, आणि सातवा नुकताच लागला असताना एका सकाळी तिचं डोकं असह्य दुखायला लागलं. पायांवर सूज होतीच. दवाखान्यात नेलं तर रक्तदाब इतका चढलेला की डॉक्टरीणबाईंनी तिला घरी पाठवायला साफ नकार दिला. मुलगी वयाने लहानच होती ती डॉक्टर, पण चेहरा गंभीर. आम्हाला बाहेर घेऊन ती म्हणाली, "प्री-एक्लॅम्प्सिया आहे. वाट पाहण्यात जोखीम आहे, बाळ आताच काढावं लागेल."

ती आत गेली. कॉरिडॉरमध्ये आम्ही तिघं, मी, हे आणि महूहून मिळेल त्या बसने धावत आलेल्या विहीणबाई. अमोल आत फॉर्म भरत होता. मग बाईंनी चष्मा वर ढकलला आणि हळू आवाजात सुरू केलं, "प्री म्हणजे आधी. 'एक्' म्हणजे बाहेर. आणि मध्ये बघा, लॅम्प आहे. ग्रीक. लॅम्प म्हणजे चमकणं. एकदम लखकन बाहेर चमकून येणं, विजेसारखं. आणि त्याच्या..."

"बस!"

आमचे हे ओरडले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. समोरच्या बाकावरची माणसं वळून पाहू लागली. "माझी पोरगी आत आहे," हे म्हणाले. "इथे शब्द फोडत बसू नका. मेहरबानी करा."

विहीणबाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी पर्समध्ये ठेवली आणि पर्सची चेन लावली.

दुपारी बाळ जन्मलं. मुलगी. आमच्यापैकी कोणालाच तिला हातात दिलं नाही. काचेआडून जे दिसलं ते दोन ओंजळींत मावेल एवढं काहीतरी होतं, अंगावर नळ्या, डोक्यावर टोपी, आणि टोपीखाली रागावल्यासारखा छोटासा चेहरा. ऋचा आयसीयूत, बाळ नवजातांच्या कक्षात, आणि आम्ही दोघी आज्या मधल्या कॉरिडॉरच्या बाकावर. हे ऋचाच्या आयसीयूबाहेर असत, अमोल औषधांच्या मागे धावत असे.

विहीणबाई रोज सकाळच्या बसने महूहून यायच्या. सगळ्यांसाठी डबा आणायच्या. भाकरी, पिठलं, ठेचा, अमोलसाठी वेगळं दही. डबा उघडून द्यायच्या, वाढायच्या, रिकामे डबे धुऊन आणायच्या आणि गप्प बसायच्या. तेवढंच. आजूबाजूने शब्दांचे नुसते लोंढे जात होते. सॅच्युरेशन, इन्फ्युजन, रिस्पिरेटरी, अ‍ॅडमिनिस्टर. एरवी यातल्या एकेका शब्दावर त्यांनी आख्खी दुपार बसवली असती. आता नर्स किंवा डॉक्टर काही बोलले की त्यांचे ओठ जरासे हलत आणि पुन्हा मिटत. मला वाटलं होतं की ही शांतता बरी पडेल. पण तीच मला खायला उठली. ज्या बाईला शब्द दिसला की राहवत नाही ती राहवून घेते आहे, म्हणजे हिलाही कळून चुकलं आहे की काय, असं माझ्या मनात येऊ लागलं.

शेवटी एका दुपारी मीच म्हटलं, "विहीणबाई, इन्क्युबेटर म्हणजे काय हो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कॉरिडॉरच्या टोकाला पाहिलं, हे तिथे नव्हते.

"असू द्या ताई."

"नाही, सांगा. रोज तिला त्या पेटीत बघते. नाव तरी कळू दे."

जरा वेळ त्या पर्सच्या चेनशी चाळा करीत राहिल्या. मग चष्मा निघाला. "इन म्हणजे वर. क्यूब म्हणजे पडून राहणं, आपण बाजेवर पडतो ना तसं. आणि शेवटचा टर म्हणजे ते करणारा. वर पडून राहणारा." त्या थांबल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही उजेड पसरला की मला वाटलं आतून काही बातमीच आली. "अहो ताई! वर पडून राहणारी म्हणजे कोंबडी! अंड्यावर बसलेली! ती मशीन नाही हो, कोंबडी आहे!"

शेवटचं वाक्य त्या इतक्या मोठ्याने बोलल्या की दार उघडून नर्स बाहेर आली. देवासकडची, ठसकेबाज मुलगी होती. "अम्माजी, धीरे! बच्चे सो रहे हैं. क्या हुआ?" बाईंनी तिला सगळा प्रकार हिंदीतून समजावला. ती आधी तोंडावर हात ठेवून हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हाला बातमीपत्रच मिळायला लागलं. "अम्माजी, मुर्गी का टेम्परेचर बढ़िया है." "अम्माजी, आज मुर्गी ने आपकी पोती का वजन बढ़ा दिया." त्या काचेच्या पेटीची मला वाटणारी भीती त्या दिवशी निम्म्याने गेली. आत माझी नात यंत्राच्या हवाली नव्हती, कोणाच्या तरी पंखाखाली होती.

मग बाळ थोडी तब्येत धरू लागलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाली की आता तिला रोज काही वेळ कोणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवायचं, अंगाला अंग लावून. कांगारू केअर. आई अजून उठू शकत नव्हती, तेव्हा आजी चालेल. मी पदर खोचून उभीच राहिले, आणि त्याच क्षणी मला शिंक आली. सर्दीवाल्यांना दाराच्या आत प्रवेश नव्हता. मी काचेबाहेर, विहीणबाई आत.

हात कोपरापर्यंत धुऊन, समोरून उघडणारा हिरवा गाऊन घालून, टोपीत केस कोंबून बाई आरामखुर्चीत रेलल्या. नर्सने नळ्या सांभाळत ते इवलंसं पोर त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं आणि वरून दुपट्याने बांधून टाकलं. ज्या बाईला चहा होईपर्यंत एका जागी बसवत नाही ती बाई किती तरी वेळ पापणीसुद्धा जपून हलवत होती. मी काचेला नाक लावून उभी. हेवा वाटला का? वाटला. बाहेर आल्यावर त्या बाकावर येऊन बसल्या, पण मी वाट पाहत होते ते सुरू होईना.

"मग? कांगारूचं काय निघतं?" मी विचारलं.

"काही नाही निघत," त्या म्हणाल्या. "पुढे काही नाही, मागे काही नाही. अख्खा शब्द आहे तो ताई. त्याला हात नाही लावायचा."

माझी सर्दी गेल्यावर आम्ही पाळ्या लावून घेतल्या. सकाळी मी, दुपारी त्या. अशाच एका दुपारी मी आणि हे काचेबाहेर उभे होतो. बाळ विहीणबाईंच्या छातीवर होतं. एकाएकी मशीनवरचा आकडा घसरायला लागला आणि कर्कश्श आवाज सुरू झाला. नर्स धावली. तिने दुपटं बाजूला करून बाळाचा एवढासा तळपाय चोळला, मग टिचकी मारली. डॉक्टरीणबाई आली. काचेतून शब्द नीट ऐकू येत नव्हते, एकच पुन्हा पुन्हा ऐकू आला, "अ‍ॅप्निया, अ‍ॅप्निया." बाळाचा रंग बदललेला मला दिसला. ह्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. आत बाई बाळाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. ओठ हलत होते. शब्द फोडत नव्हत्या त्या. त्यांच्या ओठांवरून मला स्पष्ट कळत होतं, "घे बाळा. घे. श्वास घे."

आणि बाळाने घेतला. आकडा चढला, आवाज थांबला. अकाली जन्मलेली बाळं अशी श्वास घ्यायला मधूनच विसरतात, आठवण करून द्यावी लागते, असं डॉक्टरीणबाईने आम्हाला नंतर सांगितलं. तिच्यासाठी ती रोजची गोष्ट होती.

विहीणबाई बाहेर आल्या. मी त्यांना बाकावर बसवलं. हे पाण्याची बाटली घेऊन समोर उभे राहिले. दोन घोट पिऊन त्या माझ्याशी बोलायला लागल्या, पण मला वाटतं, ऐकवायचं दोघांनाही होतं.

"अमोलचे बाबा गेले तेव्हा अमोल पाळण्यात होता. फौजेच्या दवाखान्यात होते ते. मोठे डॉक्टर आले, इंग्रजीत बोलले माझ्याशी. मी दहावी झालेली, इंग्रजी असं तसंच. एवढ्या लांब बोलण्यात मला एकच शब्द ओळखीचा वाटला. रिव्हर्स. गाडीचा असतो ना, तो. मी घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, डॉक्टर म्हणतात रिव्हर्स होऊन राहिलं आहे. बरे होतील. आम्ही दोघींनी त्या दिवशी खीर केली." त्यांनी बाटली ह्यांच्या हातात परत दिली. "शब्द होता इर्रिव्हर्सिबल. पुढचं 'इर' मी ऐकलंच नाही. दोन अक्षरं, ताई. तेवढ्यात सगळं होतं."

बाईंनी पदराने चष्मा पुसला.

"मग त्यांच्या जागी नोकरी मिळाली, शॉर्टहँड शिकले. पण शब्द फोडायचा नाद त्याआधीचा. तेव्हाच ठरवलं होतं, मोठा शब्द अख्खा घरात घ्यायचा नाही. दारातच तुकडे करायचे, आत काय आहे बघायचं, मग आत घ्यायचा." मग त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं. "त्या दिवशी पण भाऊसाहेब, मी एवढंच सांगणार होते की पुढे 'प्री' आहे. वीज अजून चमकलेली नाही, त्याच्या आधीच आपण आलो आहोत. तो 'प्री' ऐकून मला धीर आला होता. वाटलं, तुम्हालाही द्यावा."

ह्यांनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. ते तिथून निघून गेले आणि थोड्या वेळाने तीन चहा घेऊन आले. विहीणबाईंचा बिनसाखरेचा होता. हे त्यांच्या कधी लक्षात राहिलं होतं, मला माहीत नाही.

ऋचा सावरली, स्वतः बाळाला घेऊ लागली, आणि एक दिवस डॉक्टरीणबाई हसत म्हणाली, "कल डिस्चार्ज कर देते हैं." दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे सामान आवरून दाराशी उभे होतो. अमोल गाडी आणायला गेला होता. विहीणबाईंच्या खांद्यावर डब्यांची, दुपट्यांची, थर्मासची अशी जाडजूड पिशवी. हे खाकरले.

"विहीणबाई, हे डिस्चार्ज... यातून काय निघतं?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं, थट्टा तर नाही ना. मग चष्मा वर गेला. "डिस म्हणजे काढून. आणि चार्ज म्हणजे गाडीवर लादलेलं ओझं. डिस्चार्ज म्हणजे ओझं उतरवणं, भाऊसाहेब."

"अस्सं," हे म्हणाले, आणि पुढे होऊन त्यांनी बाईंच्या खांद्यावरची पिशवी उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

नाव ठेवायच्या वेळी पुन्हा गोंधळ झाला. ऋचाने काढलेली अनुष्का, सुप्रिया, विशाखा, प्रज्ञा ही सगळी नावं बाईंनी एका दमात बाद केली. "अनु, सु, वि, प्र! सगळ्यांना पुढे काहीतरी चिकटलेलंच आहे. हिला अख्खं नाव पाहिजे." शेवटी जुई ठेवलं. आमचे हे त्या सबंध बैठकीला हजर होते, गच्चीवर गेले नाहीत. उलट "जुईत काही निघत तर नाही ना?" म्हणून त्यांनीच खात्री करून घेतली.

जुई आता शाळेत जाते, आणि तिच्या आईबापांच्या कंपनीने त्यांना या वर्षी बंगळुरूला पाठवलं. घरात कोणी मोठं माणूस हवं म्हणून विहीणबाई त्यांच्याबरोबर गेल्या. मलाही बोलावत होते सगळे, पण ह्यांच्या गुडघ्यांना आता जिनाही जड जातो. जायच्या आदल्या दिवशी मी महूला गेले, घर आवरायला मदत म्हणून. आवरायचं फारसं नव्हतंच. बाईंनी फ्रीज पुसून दार उघडं ठेवलं, गाद्या गुंडाळून दोरीने बांधल्या, बुद्धाची लहान मूर्ती सुती साडीत गुंडाळून हातातल्या पिशवीत घेतली. जाडजूड पुस्तकं शेजारच्या शाळेला देऊन टाकली होती. "तिकडे जागा कुठे एवढी," म्हणाल्या. मग आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून उरलेले पोहे संपवले. मागच्या फौजी बंगल्याचा माळी झाडांना पाणी घालत होता, त्याचा आवाज येत होता.

निघताना त्यांनी कढीपत्त्याची कुंडी माझ्या हातात दिली. "शेजारी विसरतात पाणी घालायला. तुम्ही नाही विसरणार." बसमध्ये ती मी मांडीवरच धरून आणली.

कुंडी आता आमच्या गॅलरीत आहे. हे रोज तिला पाणी घालतात आणि घातलं म्हणून मला सांगतात. संध्याकाळी वरणाला फोडणी दिली की मी बंगळुरूला फोन लावते. आधी जुईचा आरडाओरडा ऐकू येतो, मग कुकरची शिट्टी, मग चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज, आणि मग बाई म्हणतात, "हां ताई, बोला." सांगण्यासारखं माझ्याकडे काही नसतं. इंदुरात ऊन फार आहे, एवढं सांगते.